जटेला हात जोडणारे आणि नाक मुरडणारे

डोक्यात जट असलेली बाई एस.टी.त चढली की माणसांचे दोन गट पडतात. काही जण उठून जागा देतात, हात जोडतात, "आईचा वारा आहे" असे पुटपुटतात. बाकीचे पदर नाही तर रुमाल नाकाला लावून शेजारची जागा रिकामी ठेवतात. जुन्नर-नारायणगावची गाडी असो की मंचर-घोडेगावची, हे आम्ही कितीदा पाहिले आहे. पण "मावशी, या ओझ्याने मान दुखत नाही का?" असे विचारणारा माणूस दोन्ही गटांत सापडत नाही.

आरोग्याच्या पानावर जटेचा विषय घेतला तो या न विचारलेल्या प्रश्नामुळे.

काही वाचक म्हणतील, हा विषय आपल्या मासिकाला कशाला? १९५६ साली आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या, देव्हारे रिकामे केले, पोतराजांनी केस उतरवले, मग आपल्या वस्तीत जट कुठून येणार? येते, बंधू-भगिनींनो. कर्त्या माणसाने प्रतिज्ञा घेतली म्हणून घरातल्या प्रत्येकाची भीती त्याच दिवशी गेली असे होत नाही. बाळंत झालेल्या सुनेच्या केसांत गुंता दिसला की आजीच्या मनातली जुनी भीती जागी होते. विहारात मागच्या भिंतीला टेकून, डोक्यावरचा पदर घट्ट धरून बसणारी एखादी उपासिका आपण सगळ्यांनीच पाहिलेली असते. पदराखाली काय आहे हे सर्वांना माहीत असते आणि कोणी बोलत नाही. ही गोष्ट एकट्या आपल्या वस्तीची नाही. जट मराठ्याच्या वाड्यातही असते आणि ठाकरवाडीतही.

आता जट म्हणजे काय ते पाहू. केस भिंगाखाली पाहिला तर त्याच्यावर कौलांसारखे एकावर एक बसलेले पापुद्रे दिसतात. घाम, धूळ, खरखरीत पाणी यांनी हे पापुद्रे उचलले जातात आणि एक केस दुसऱ्यात अडकतो. शिवाय आपल्या डोक्यातले पन्नास ते शंभर केस रोज गळतात. फणी फिरली तर ते निघून जातात. फणी फिरली नाही तर तिथेच राहतात आणि जिवंत केसांना सुतळीसारखे बांधून टाकतात. उवा असतील, डोक्यात फोड येऊन लस वाहत असेल तर हा गुंता चिकटून आणखी घट्ट होतो. वैद्यकशास्त्रात याला प्लायका म्हणतात. एवढेच जटेचे रहस्य आहे.

गुंता कोणाच्या डोक्यात होतो, हेही बघा. बाळंतिणीच्या, कारण कित्येक घरांत तिचे डोके बांधून ठेवतात. विषमज्वरातून उठलेल्या मुलीच्या. मनाने खचलेल्या, आठ-आठ दिवस अंथरुणातून न उठणाऱ्या बाईच्या. आणि कांदा काढणीला, टोमॅटो तोडणीला पहाटे घर सोडणाऱ्या बाईच्या. ती दिवसभर मातीत वाकलेली असते आणि संध्याकाळी चूल पेटवायची की केस विंचरायचे असा तिच्यापुढे प्रश्न असतो. डिंभे आणि माणिकडोह धरणे उशाशी असूनही आमच्या पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यांत उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी आणावे लागते. त्या हंड्यातले किती पाणी केसांना मिळणार? तेव्हा जट ही पुष्कळदा बाईला सवड आणि पाणी न मिळाल्याची खूण असते. तिला आळशी म्हणणाऱ्यांनी एक आठवडा तिच्याबरोबर टोमॅटोच्या शेतात काढावा.

खरी मेख पुढे आहे. गुंता दोन बोटांएवढा असतो तेव्हा वाटीभर खोबरेल आणि एका दुपारची सवड एवढ्यावर सुटतो. पण नेमक्या त्याच वेळी घरातले किंवा शेजारचे कोणीतरी म्हणते, "फणी लावू नको, देवीने बोलावलंय." देवी कोणती, ते गावागावावर अवलंबून. कुठे यल्लम्मा, कुठे काळूबाई, कुठे यमाई, कुठे मरीआई. त्या दिवसापासून फणी बंद. मंगळवारी-शुक्रवारी त्या गुंत्यावर हळद-कुंकू, भंडारा आणि तेल. ही पूड तेलात कालवून केसांत बसली की ती डिंकाचे काम करते. म्हणजे जट वाढते म्हणून तिची पूजा होते असे नाही, पूजा होते म्हणून ती वाढते. लोकांच्या हात जोडण्यानेच साधा गुंता पाच-दहा वर्षांचे ओझे होऊन बसतो.

आणि मग भीती. जट कापली तर रक्त येते, बाई आंधळी होते, वेडी होते, घरातला कर्ता जातो. केसाचा कातडीबाहेरचा भाग निर्जीव असतो. त्यात ना रक्तवाहिनी, ना मज्जातंतू. नखाचे टोक कापताना जेवढे दुखते तेवढेच केस कापताना दुखते, म्हणजे दुखतच नाही. कधी खरोखर रक्त दिसले तर ते जटेखाली चिघळलेल्या कातडीचे असते, आणि ते जट लवकर काढण्याचेच कारण आहे. गंमत अशी की हुबेहूब हीच भीती युरोपात पोलंड देशात होती. तिथल्या खेड्यांतले लोक अशी जट मुद्दाम वाढू देत, ती कापली तर माणूस आंधळा होईल किंवा वेडा होईल असे मानत. एकोणिसाव्या शतकात क्राकूव शहरातले डॉक्टर युझेफ डीट्ल यांनी या समजुतीविरुद्ध मोहीम उघडली, लोकांना जटा कापायला लावल्या. कोणी आंधळे झाले नाही. पोलंडमध्ये यल्लम्मा नव्हती आणि मरीआईही नव्हती, तरी जट होती आणि तिची भीती होती. यावरून काय समजायचे ते वाचकांनी समजावे.

जटेने शरीराचे काय होते, ते तिला हात जोडणाऱ्यांना दिसत नाही. मान आणि खांदे दुखतात. एका कुशीवर झोपता येत नाही. पावसाळ्यात जट आतून वाळतच नाही, कातडीला बुरशी लागते, खाज सुटते, वास येतो. उवा घरभर पसरतात. कानामागे गाठी येतात. पण आमच्या मते याहून मोठे नुकसान दुसरेच आहे. वासाची लाज वाटून बाई दवाखान्यात जात नाही, मग तिचा रक्तदाब, साखर, अंगावरचे पांढरे, सगळेच अंगावर निघते. लग्नात ती मांडवाच्या कडेला बसते. बचत गटाच्या बैठकीला जात नाही. लहान मुलीच्या डोक्यात गुंता दिसला तर तिची शाळा सुटते.

आणि एकेकाळी तिचे आयुष्यच सुटत असे. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडल्या जात, त्यात केसांत जट आली हे एक ठरलेले कारण असे. जोगतीण आणि देवदासी म्हणून कोणाच्या लेकी गेल्या, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. खंडोबाला सोडलेल्या मुरळ्यांचा प्रश्न पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी आपल्या 'सोमवंशीय मित्र' पत्रातून मांडला, ही विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली गोष्ट. १६ जून १९३६ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी देवदासी, जोगतिणी, पोतराज यांच्या सभेत हे जिणे सोडून द्या असे स्पष्ट सांगितले. देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ साली कायदा झाला, कर्नाटकात १९८२ साली आणि महाराष्ट्रात २००५ साली. मुलीला देवाला सोडणे हा आज गुन्हा आहे. तिच्या केसांत जट असो वा नसो.

ओतूरच्या मांडवी नदीकाठी कपर्दिकेश्वराचे जुने देऊळ आहे. श्रावणी सोमवारी तिथे मोठी यात्रा भरते. कपर्दी या शब्दाचा अर्थच जटाधारी. आम्हाला त्या श्रद्धेशी वाद घालायचा नाही. फक्त एवढेच म्हणायचे आहे की देवाच्या जटेला उवा होत नाहीत आणि त्याला मानेचा पट्टा लागत नाही. देवाला जट शोभते म्हणून ती आपल्या सुनेने वागवावी, हा हिशेब कुठला?

तथागतांच्या काळातही जटा हे मोठेपणाचे लक्षण होते. उरुवेल काश्यप आणि त्याचे दोन भाऊ हे जटिल, म्हणजे जटाधारी तापस होते, त्यांचा शिष्यपरिवार मोठा होता. त्यांनी धम्म स्वीकारला तेव्हा जटा कापून अग्निपूजेच्या साहित्यासह नदीत सोडून दिल्या, अशी विनयपिटकाच्या महावग्गात नोंद आहे. आपल्या लेण्याद्री आणि मानमोडीच्या लेण्यांत वर्षावास केलेले भिक्खू मुंडन केलेले होते. धम्मात केसाला ना पवित्रता आहे ना विटाळ. केस हा शरीराचा एक भाग आहे, तो स्वच्छ ठेवावा, एवढेच.

त्यांच्या पण जटाच ना?

हा प्रश्न हल्ली आमच्या मुली विचारतात. मोबाइलवर अमेरिकेतल्या, आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांचे फोटो दिसतात. कोणाच्या डोक्यावर शेकडो बारीक वेण्या, कोणाच्या जाड दोरांसारखे केस. "त्यांनी ठेवले तर फॅशन, आणि आमच्या मावशीने ठेवली तर अंधश्रद्धा?" प्रश्न चोख आहे, त्याला उत्तर दिले पाहिजे.

आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या केसांची मुळे वाकडी असतात, त्यामुळे केस घट्ट कुरळे उगवतो. टाळूचे नैसर्गिक तेल त्या वळणांवरून टोकापर्यंत पोचत नाही, केस कोरडा राहतो, फणीने पटकन तुटतो. म्हणून वेण्या घालणे, पीळ देणे किंवा लॉक्स वळणे या त्यांच्या केस जपण्याच्या पिढीजात पद्धती आहेत. लॉक्स मुद्दाम, ठरवून, भाग पाडून वळतात. ते धुतात, वाळवतात, रात्री कापडात बांधतात. नको झाले तर कापून टाकतात, आणि कोणाचा कर्ता मरत नाही. आमच्या मावशीच्या डोक्यावरची जट तिने वळलेली नाही. ती तिच्यावर लादलेली आहे आणि ती काढायची तिला मुभा नाही. दोन्हींत फरक आहे तो इथे, दिसण्यात नाही.

त्या स्त्रियांनाही लोकांच्या नजरेचा जाच झालाच आहे, फक्त उलट्या दिशेने. १७८६ साली लुईझियानाच्या स्पॅनिश गव्हर्नरने कृष्णवर्णीय स्त्रियांनी केस उघडे न ठेवता फडक्याने बांधावेत असा हुकूम काढला, कारण त्यांची केशरचना गोऱ्या स्त्रियांच्या डोळ्यांत खुपत होती. बायकांनी काय केले? रंगीबेरंगी कापडे घेतली आणि ती इतक्या नखऱ्याने बांधली की हुकूमच फिका पडला. आमच्या काळात, अलाबामा राज्यातल्या एका तरुणीने लॉक्स कापायला नकार दिला म्हणून तिची ठरलेली नोकरी गेली आणि २०१६ साली तिथल्या अपील न्यायालयाने कंपनीचीच बाजू घेतली. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाच्या मुलींच्या शाळेत विद्यार्थिनी आपल्या नैसर्गिक केसांसाठी रस्त्यावर उतरल्या. २०१९ साली कॅलिफोर्निया राज्याने केसांच्या ठेवणीवरून भेदभाव करायला बंदी करणारा कायदा केला, पुढे इतर अनेक राज्यांनी तसेच केले. १९७२ साली आपल्या तरुणांनी ज्यांच्यावरून दलित पँथर हे नाव घेतले, त्या ब्लॅक पँथरच्या पिढीने मोकळे, फुललेले केस हे स्वाभिमानाचे चिन्ह केले होते.

बाबासाहेबांनी वरवर पाहता याच्या उलट सांगितले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेला आलेल्या आयाबहिणींना ते म्हणाले की, ज्या लुगडे नेसण्याच्या तऱ्हेवरून आणि ज्या दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येते, ते सोडून द्या. एकीकडे खूण मिरवायची, दुसरीकडे खूण टाकून द्यायची. पण मिरवलेली खूण त्यांची स्वतःची होती आणि टाकलेली खूण दुसऱ्यांनी ठोकलेली होती. आम्हाला यात विरोध दिसत नाही.

नजरेचा हा जाच आपल्याही घरात आहे. कुरळ्या केसांच्या मुलीला शाळेत "झिपरी", "डोक्यावर घरटं" म्हणतात आणि घरी आईच म्हणते, "पोरगी बघायला येतील तेव्हा केस सरळ करून घे." गावोगावच्या पार्लरमध्ये स्मूदनिंग आणि केराटिनचे बोर्ड लागले आहेत. काही केराटिनमध्ये फॉर्मल्डिहाइड असते, त्याची वाफ डोळ्यांना आणि श्वासाला घातक आहे. अमेरिकेत ३३ हजारांहून अधिक स्त्रियांचा सुमारे अकरा वर्षे पाठपुरावा करून केलेला अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. केस सरळ करणारी रसायने न वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण १.६४ टक्के निघाले, आणि ती वर्षातून चारहून अधिक वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. ही रसायने वापरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त स्त्रिया कृष्णवर्णीय होत्या. नोकरीसाठी आणि लोकांच्या बोलण्यासाठी त्यांनी ही किंमत मोजली. आपल्या लेकींनी पाहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी ती मोजावी का? कुरळे केस ओले असताना, खोबरेल लावून, रुंद दातांच्या फणीने टोकाकडून वर विंचरावेत. दुसरे काही लागत नाही. आणि शाळेच्या दोन वेण्या फार आवळून घालू नका. वर्षानुवर्षे ओढ बसली तर कपाळाजवळचे केस कायमचे जातात.

जट काढायची तर

पहिली गोष्ट, जबरदस्ती नको. झोपेत कात्री चालवणारे नवरे आणि मुलगे आहेत. त्यांचा हेतू चांगला असेलही, पण त्यानंतर घरात कोणी आजारी पडले की दोष त्या बाईच्या माथी येतो आणि ती स्वतःही तो मान्य करते. तिच्याशी बोला, चार वेळा बोला. मान दुखते का, झोप लागते का, हे आधी विचारा. अंधश्रद्धेवर व्याख्यान नंतर. वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला बायका जमतात, त्या वेळी जट काढलेल्या एखाद्या बाईला बोलावून तिच्या तोंडून ऐकवले तर आमच्या शंभर लेखांपेक्षा जास्त काम होते. पुण्यात महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नंदिनी जाधव यांनी दोनशेहून अधिक स्त्रियांच्या जटा अशाच समजुतीने काढल्या आहेत. त्या पूर्वी ब्युटी पार्लर चालवत, त्यामुळे केसांची जाण आणि बायकांशी बोलण्याची सवय दोन्ही त्यांच्या कामी आली.

नवी, मऊ जट असेल तर भरपूर खोबरेल लावून तासभर मुरू द्या आणि बोटांनी टोकाकडून सोडवत वर या. जुनी, लाकडासारखी झालेली जट सुटत नाही, ती कापावीच लागते. बहुतेक जटांखाली मुळाशी नव्याने वाढलेला मोकळा केस असतो, कात्री तिथून सावकाश चालवायची. आधी डोक्यात फोड, पू, ताप आहे का बघा. असेल तर घरी हात लावू नका. जुन्नर, नारायणगाव किंवा घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयात नाही तर मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा. उवांसाठी पर्मेथ्रिनचे औषध मिळते, ते आरोग्यसेविकेला विचारून लावा. रॉकेल लावू नका. आणि शेतातले फवारणीचे औषध तर डोक्याला चुकूनही नको. आमच्या बागायती भागात ते प्रत्येक घराच्या कोपऱ्यात असते आणि कातडीतून अंगात भिनून जीव घेऊ शकते.

जट पुन्हा पुन्हा येत असेल, बाई अंघोळ टाळत असेल, बोलत नसेल, तर दुखणे केसांचे नाही, मनाचे आहे. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो, मराठीतही. जट काढली म्हणून भावकी वाळीत टाकू लागली तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आहे, पोलीस ठाण्यात तसे लेखी द्या.

कापलेल्या जटेचे काय करायचे, हा प्रश्न बाई हमखास विचारते. तिला पुरायची असेल तर पुरा, टाकायची असेल तर टाका, त्यावर वाद नको. पहिल्या रात्री डोके हलके लागते, मानेला वारा लागतो, काहींना चक्कर आल्यासारखे वाटते. दोन दिवस ओढणी बांधायला द्या. आठवड्यातून दोनदा डोके धुवायला सांगा, धुताना केस डोक्यावर गोळा करून चोळू नका, सरळ खाली सोडून धुवा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. या आषाढी पौर्णिमेला काढली तर पुढच्या आषाढी पौर्णिमेपर्यंत चांगले बोटभर लांब केस येतील, रोज सकाळी फणी फिरवण्याइतके.